दुसऱ्यांच्या रात्री: वेधशाळेच्या नव्या मुख्य खगोलशास्त्रज्ञासाठी

राष्ट्रीय वेधशाळेची मुख्य खगोलशास्त्रज्ञ म्हणून मी नऊ वर्षं काम केलं. माझ्या जागी येणाऱ्या माणसासाठी, आणि पुढे कधी हे पद घेऊ पाहणाऱ्या कुणासाठीही, हे लिहून ठेवते आहे. मुख्य खगोलशास्त्रज्ञ रोज रात्री सगळ्यात मोठ्या दुर्बिणीपाशी असते असा लोकांचा समज आहे. माझ्या स्वतःच्या निरीक्षणाच्या रात्री वर्षाला सहा-सात असायच्या. बाकी सगळ्या इतरांच्या. त्या वाया जाऊ न देणं हे या पदाचं काम, आणि ते कसं करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला महिना दुर्बिणीपाशी काढा

पदभार घेतला की टेबलावर फायलींचा ढीग येतो. तातडीच्या तेवढ्यांवर सह्या करा आणि पुढचे पंधरा-वीस दिवस रात्री दुर्बिणीवर राहा. स्वतःचं निरीक्षण एकही घेऊ नका. नियंत्रणकक्षात दुर्बीणचालकाच्या मागे खुर्ची टाका आणि संधिप्रकाशातल्या फ्लॅट चित्रांपासून (कॅमेऱ्यातला असमानपणा मोजण्यासाठी घेतलेली एकसारख्या उजेडाची चित्रं) पहाटे घुमट बंद होईपर्यंत पाहत राहा. हातात वही आणि घड्याळ असू द्या.

मी अशीच बसले आणि एका स्वच्छ, लांब रात्रीचा हिशेब मांडला. संध्याकाळी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यापासून पहाटे पुन्हा तिथवर येईपर्यंत साधारण १० तास पूर्ण अंधार होता. त्यात कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं ६ तास ४० मिनिटं. उरलेला वेळ चित्रं वाचून घेण्यात, दुर्बीण एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर वळवण्यात, दुर्बीण लक्ष्यावर स्थिर ठेवायला लागणारा मार्गदर्शक तारा शोधण्यात आणि सगळ्यात जास्त फोकस पुन्हा पुन्हा लावण्यात गेला. रात्र गार होत जाते तशी दुर्बिणीची पोलादी चौकट आकसते, दोन आरशांमधलं अंतर बदलतं आणि तारे फुगलेले दिसू लागतात. म्हणून चालक दर तासाला सात-आठ चाचणीचित्रं घेऊन फोकस तपासत होता. चौथ्या रात्री मी त्याला विचारलं, याला दुसरा उपाय नाही का? त्याने खणातून एक जुनी वही काढली. चौकटीचं तापमान इतकं असेल तर फोकस इतका, अशा अठरा वर्षांच्या नोंदी होत्या त्यात. ती वही आजवर कुणी मागितली नव्हती. त्या नोंदींवरून आम्ही तक्ता केला, संगणकाला दिला, आणि रात्रीमागे जवळजवळ पाऊण तास परत मिळाला. त्यासाठी एकही नवं यंत्र घ्यावं लागलं नाही.

तुमच्याकडेही असा वेळ कुठे ना कुठे सांडत असेल, आणि तो नेमका कुठे सांडतो हे चालकाला ठाऊक असेल. त्याला विचारा. १९८७ च्या फेब्रुवारीत चिलीतल्या लास कांपानास वेधशाळेत ऑस्कर दुहाल्दे हा रात्रीचा साहाय्यक थोडा वेळ बाहेर आला आणि मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, त्याला एक नवा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसला. आत गेल्यावर कामाच्या गडबडीत तो ते बोललाच नाही. पुढे इयन शेल्टन स्वतः घेतलेल्या छायाचित्राच्या काचपट्टीवर तोच तारा पाहून नियंत्रणकक्षात आला, तेव्हा दुहाल्दे म्हणाला की तो मी पाहिला आहे. १६०४ नंतर दिसलेला सर्वांत तेजस्वी अतिनवतारा, म्हणजे स्फोट झालेला तारा, होता तो. मी आमच्या रोजच्या नोंदवहीत एक रकाना वाढवून घेतला: ‘चालकाला वेगळं काही दिसलं का?’ बहुतेक रात्री तो कोरा राहतो. राहू द्या.

घुमट बंद करण्याचा शब्द चालकाचा

हा नियम लेखी करा आणि खाली तुमची सही करा. आर्द्रता, वारा किंवा धूळ मर्यादेबाहेर गेली की चालक घुमट बंद करेल. त्याला तो उघडायला कुणीही सांगू शकणार नाही, मुख्य खगोलशास्त्रज्ञसुद्धा नाही. मर्यादा गाठलेली नसतानाही त्याला धोका वाटला तर बंद करण्याची मुभा मात्र हवी.

यामागचं कारण नव्या निरीक्षकांना दरवेळी समजावून सांगा, कारण त्यांना वाटतं आपण कागदी नियम दाखवतो आहोत. दुर्बीण आणि आरसा रात्रभर आकाशाकडे उष्णता टाकत गार होत असतात. आरशाचं तापमान दवबिंदूजवळ आलं की त्यावर दव धरतं. धूळ आधीपासून बसलेली असतेच. ओल्या धुळीचे अ‍ॅल्युमिनियमच्या थरावर डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. आम्ही आर्द्रता ८५ टक्के झाली की बंद करायचो, आणि पुन्हा उघडण्यासाठी ती सलग अर्धा तास ८० च्या खाली राहायला हवी असं ठरवलं होतं. असे दोन आकडे ठेवाच. एकच ठेवला तर काठावरच्या रात्री घुमटाची सारखी उघडझाप होते आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी चालकाच्या मागे लागतं.

एकदा पहाटे अडीचला मला फोन आला. निरीक्षकाच्या जोडताऱ्याचं ग्रहण, म्हणजे एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकणं, चाळीस मिनिटांत सुरू होणार होतं, त्यानंतरचं अकरा महिन्यांनी. आर्द्रता ८६ होती. मी नाही म्हटलं. त्याचा आवाज भरून आला होता. दोन वर्षं त्याने या एका रात्रीची तयारी केली होती. सकाळी मी त्याच्या खोलीवर गेले, आम्ही पुढच्या ग्रहणाची तारीख काढली आणि ती रात्र तिथल्या तिथे त्याच्या नावावर राखून ठेवली. नकार देऊन फोन ठेवला तर दुसऱ्या दिवशी माणसाला भेटायला जा.

वेळवाटप

सगळ्यात जास्त झोप मी यापायी गमावली. आमच्याकडे मागणी उपलब्ध रात्रींच्या तिपटीहून जास्त असायची. म्हणजे चांगले, मेहनतीने लिहिलेले प्रस्ताव नाकारावेच लागायचे.

प्रस्ताव निवडणारी समिती बसण्याआधी एक तक्ता करून घ्या. रात्री सारख्या नसतात. चंद्र नसलेल्या अंधाऱ्या रात्री अंधुक दीर्घिकांसाठी लागतात. पौर्णिमेच्या आसपास तेजस्वी ताऱ्यांचे वर्णपट उत्तम घेता येतात. त्यातही सगळ्यांना आकाशाचा एकच तुकडा एकाच महिन्यात हवा असतो. कुठल्या महिन्यात, कुठल्या विषुवांशाला (आकाशातल्या पूर्व-पश्चिम जागेला), किती अंधारे तास मागितले गेलेत आणि प्रत्यक्षात किती आहेत, हे एका कागदावर मांडा. तो टेबलावर ठेवल्यापासून आमच्या बैठका निम्म्या वेळात संपू लागल्या, कारण बरेचसे वाद ज्या तासांवरून व्हायचे ते तास आकाशात नव्हतेच.

परीक्षकांना अर्जदारांची नावं दिसू देऊ नका. अवकाशातल्या हबल दुर्बिणीच्या वेळवाटपात २०१८ साली हे करून पाहिलं गेलं. त्या फेरीत महिलांच्या नेतृत्वाखालच्या प्रस्तावांच्या यशाचं प्रमाण पुरुषांच्यापेक्षा किंचित वर गेलं. त्याआधी वर्षानुवर्षं ते उलट होतं. आमच्या समितीत मला जाणवलेला फरक बोलण्यातला होता. ‘या गटाचं काम चांगलं असतं’ हे वाक्य ऐकू येईनासं झालं. त्याऐवजी लोक विचारू लागले की हा प्रश्न आपल्या दुर्बिणीने, आपल्या हवेत सुटेल का. तुमचा स्वतःचा प्रस्ताव असेल तेव्हा खोलीबाहेर जा आणि तो विषय संपून दुसरा सुरू झाल्यावरच परत या.

नकाराच्या पत्रात प्रत्येकाला दोन तरी वाक्यं खास त्याच्यासाठी लिहा. कमी काय पडलं, आणि पुढच्या वेळी काय केलं तर चालेल. मी एका फेरीत वेळ नाही म्हणून छापील पत्रं पाठवली. पुढच्या फेरीत त्यातल्या काही तरुण लोकांनी अर्जच केला नाही. मी त्यांना एकेकाला लिहून पुन्हा बोलावलं. सगळे आले नाहीत, आणि त्याची खंत मला अजून आहे.

वर्षातल्या थोड्या रात्री स्वतःच्या अखत्यारीत राखून ठेवा, आम्ही दहातली एक ठेवत होतो. त्या ओळखीपाळखीत वाटण्यासाठी नसतात. समिती ज्याला धजत नाही अशा कामासाठी असतात. हबलचं वैज्ञानिक काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी १९९५ च्या डिसेंबरात आपल्या राखीव वेळातले सलग १० दिवस सप्तर्षीतल्या एका जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याला दिले. काही दिसणार नाही, असं त्यांना अनेक जाणकारांनी बजावलं होतं. ३४२ चित्रं एकत्र केल्यावर त्या इवल्याशा तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या, आणि विल्यम्स यांनी तो सगळा डेटा ताबडतोब जगासाठी खुला केला. अशी हिंमत दरवर्षी दाखवावी लागत नाही. पण हातात राखीव रात्रीच नसतील तर ती दाखवताही येत नाही.

आकाशात अचानक काही घडलं तर

ठरवायचं ते दिवसाउजेडी, शांतपणे ठरवून ठेवा. कुणाचं निरीक्षण मध्येच थांबवता येईल, किती वेळ, कोणाच्या शब्दावर, आणि ज्याची रात्र गेली त्याला ती कधी परत मिळेल. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या. त्यांचा दृश्य प्रकाश सुमारे अकरा तासांनी लास कांपानासच्या एका मीटरच्या स्वोप दुर्बिणीने शोधला. ही टक्कर जिथे झाली ती दीर्घिका, एनजीसी ४९९३, सूर्यास्तानंतर पश्चिमेला खाली होती आणि लवकरच मावळणार होती. अशा संध्याकाळी परवानगीसाठी फोन फिरवत बसलात तर दीर्घिका थांबत नाही. आमच्याकडे एका पानाचा नियम भिंतीवर लावलेला होता आणि निर्णय चालक व त्या रात्रीचा निरीक्षक मिळून घेत. मला सकाळी कळलं तरी चालत असे.

सामान्य माणसांच्या फोनचाही यातच विचार करा. ‘नवा तारा दिसतोय’ असं सांगणाऱ्या बहुतेकांना शुक्र दिसलेला असतो. तरीही प्रत्येकाला उत्तर द्या, वेळ आणि दिशा विचारून घ्या. २० सप्टेंबर २०१६ ला अर्जेंटिनातल्या व्हिक्टर बुसो या हौशी निरीक्षकाने नवा कॅमेरा तपासताना एका अतिनवताऱ्याचा अगदी पहिला प्रकाश टिपला, जो टिपण्यासाठी व्यावसायिक लोक वर्षानुवर्षं टपून असतात.

आरसा, केबल आणि सुटे भाग

मुख्य आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर मिलिमीटरचा जेमतेम दहा हजारावा भाग जाड असतो. तो मळतो, झिजतो, आणि दर एक-दोन वर्षांनी जुना थर रसायनाने उतरवून निर्वात टाकीत नवा चढवावा लागतो. त्या दिवशी सगळी कामं सोडून तिथे उभे राहा. आरसा क्रेनवर लटकत असतो ती वीस मिनिटं कुणी बोलत नाही. तिथे तुम्ही सूचना द्यायच्या नसतात, तंत्रज्ञच देतात. तुमचं काम एवढंच की त्या दिवशी कुठलाही पाहुणा, छायाचित्रकार किंवा अधिकारी आत येऊ नये आणि कुणी घाई करू नये.

बारीक बिघाडांची यादी मोठ्या बिघाडांइतक्याच गंभीरपणे वाचा. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवर ऑगस्ट २०२० मध्ये एक साहाय्यक केबल खोबणीतून निसटली, नोव्हेंबरात एक मुख्य केबल तुटली, आणि १ डिसेंबरला वर टांगलेला सगळा मंच खालच्या तबकडीवर कोसळला. ते वाचल्यावर मी आमच्या नोंदवहीतून ‘नेहमीचाच आवाज’ असं लिहिलेल्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढायला लावल्या. सात निघाल्या. त्यातली एक घुमटाच्या चाकाच्या बेअरिंगची होती आणि ते खरोखरच शेवटच्या घटका मोजत होतं.

अर्थखात्याशी बोलताना एकच आलेख न्या: हवामानामुळे किती तास गेले आणि बिघाडामुळे किती. पहिल्याचं कुणी काही करू शकत नाही हे सगळ्यांना समजतं, म्हणून दुसऱ्यासाठी पैसे मागणं सोपं जातं.

चूक सापडली की

१७९६ मध्ये ग्रिनिचचे राज-खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढलं, कारण ताऱ्याने दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातली तार ओलांडल्याची त्याने नोंदवलेली वेळ मॅस्केलिन यांच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडत होती. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने दाखवलं की कुठल्याही दोन निरीक्षकांच्या नोंदीत असा फरक असतोच, कसलेल्या माणसांच्याही. किनेब्रुकचा हलगर्जीपणा नव्हता. हा प्रसंग मी दर नव्या विभागप्रमुखाला सांगितला. मोजमापात फरक दिसला की आधी घड्याळ तपासा, मग यंत्र, मग पद्धत, आणि मोजमाप घेणाऱ्या माणसापाशी सगळ्यात शेवटी या. घड्याळाचं म्हणाल तर नोंदी जागतिक वेळेतच ठेवा, आणि संगणकांची घड्याळं रोज जुळवली जातात ना हे स्वतः बघा. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलशास्त्रात वापरायचा दिवसांचा सलग क्रमांक, दुपारी सुरू होतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या मध्यावर तारीख बदलत नाही. ती सोय तुमच्याकडच्या फायलींच्या नावांतही आणा.

डेटा किती काळ निरीक्षकाचा आणि कधीपासून सगळ्यांचा, हे रात्र देतानाच लिहून द्या. आम्ही एक वर्ष ठेवलं होतं. ग्रिनिचचे पहिले राज-खगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीड यांनी वर्षानुवर्षं निरीक्षणं प्रसिद्ध केली नाहीत. पगार वर्षाला १०० पौंड, आणि यंत्रं मात्र स्वतःच्या पैशांनी जमवलेली, त्यामुळे ती नोंद त्यांना स्वतःची वाटत होती. न्यूटन आणि हॅली यांनी १७१२ मध्ये त्यांच्या संमतीशिवाय ती छापली. फ्लॅमस्टीड यांनी ४०० पैकी ३०० प्रती मिळवून जाळल्या. मला दोन्ही बाजू कळतात, आणि म्हणूनच मुदत आधी लिहिलेली असावी असं वाटतं.

अंधार राखायचा

आकाश किती काळं आहे ते दर महिन्याला मोजा. अगदी नैसर्गिक काळं आकाश दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सुमारे २२ प्रतीचं असतं; प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. तुमचा आकडा वर्षागणिक कसा घसरतो ते तक्त्यात ठेवा आणि आसपासच्या गावांच्या दिवाबत्तीच्या बैठकांना स्वतः जा. दिवे बंद करा असं मागू नका. दिवा झाकलेला, खाली प्रकाश टाकणारा, पिवळसर आणि गरजेपुरता असावा एवढंच मागा. ला पाल्मा बेटावरच्या वेधशाळेसाठी स्पेनने १९८८ मध्ये आकाशाच्या रक्षणाचा कायदाच केला. त्याची प्रत सोबत ठेवा.

घरातला उजेडही शोधा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवर येणारे विचित्र संकेत २०१५ मध्ये आवारातल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले. तो बंद होण्याआधी कुणी दार उघडलं की ते उमटत. आमच्या वर्णपटांत एका हिवाळ्यात बारीक हिरवी रेघ येऊ लागली. तीन आठवडे आम्ही कॅमेऱ्याला दोष दिला. शेवटी एक तंत्रज्ञ संपूर्ण काळोखात घुमटात वीस मिनिटं नुसता उभा राहिला, डोळे सरावल्यावर त्याला एका नव्या बॅटरीसंचावरचा टाचणीएवढा दिवा दिसला. काळी पट्टी लावली, रेघ गेली. आता कुठलंही नवं उपकरण आत आलं की असं काळोखात उभं राहणं आमच्याकडे सक्तीचं आहे.

माणसं

रात्रपाळीच्या लोकांना दुपारच्या आधी फोन करू नका आणि कुठलीही बैठक सकाळी ठेवू नका. घुमटात कुणी चढण्याआधी मोटरचा वीजपुरवठा कुलूप लावून बंद झाला पाहिजे आणि किल्ली चढणाऱ्याच्या खिशात हवी. एकटं कुणी वर नको. रात्र संपवून लगेच डोंगर उतरायला गाडी कुणी चालवायची नाही, आधी झोप. या तीन गोष्टींवर मी नऊ वर्षांत एकदाही सूट दिली नाही.

कार्यभार देताना

जाणाऱ्याने तीन कागद ठेवावेत: न सुटलेले बिघाड, अर्धवट राहिलेली कामं, आणि लोकांना दिलेले शब्द. तिसरा बहुतेक कुणी लिहीत नाही, म्हणून माझा इथेच सांगते. एका संशोधक विद्यार्थिनीच्या चारही रात्री गेल्या हंगामात ढगांत गेल्या. तिचा प्रबंध त्या निरीक्षणांवर अडला आहे. राखीव वेळातल्या तीन अंधाऱ्या रात्री मी तिला देऊ केल्या आहेत, पुढच्या अमावास्येच्या आठवड्यातल्या. तिचं लक्ष्य मध्यरात्रीनंतर वर येतं, तेव्हा आधीचे तास कुणा दुसऱ्याला देता येतील. फोकसची जुनी वही नियंत्रणकक्षाच्या डाव्या खणात आहे. चालकाला विचारल्याशिवाय ती हलवू नका.